जुन्या ट्रॅव्हलरच्या पोटात काय घालावं: शेल रिम्युला आर४ एक्स, १५डब्ल्यू-४०

निकाल आधी सांगून टाकतो, म्हणजे दुकानाच्या काउंटरवर उभं राहून मोबाइलवर वाचणाऱ्याचा खोळंबा नको. जुनी, विनाटर्बो, इंजिनावरच्या साध्या यांत्रिक डिझेल पंपानं चालणारी गाडी असेल आणि तिचं तुम्ही फिरतं घर केलं असेल, तर एपीआय सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइल घ्या (या अक्षरांचा आणि आकड्यांचा अर्थ पुढे सांगतो). साधं, मिनरल. मी शेलचं रिम्युला आर४ एक्स वापरतो आणि समाधानी आहे. पण सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, व्हॅल्व्होलिन, सगळ्यांकडे या दर्जाचं काही ना काही मिळतं. उद्या डबा बदलावा लागला तर मी सुतक पाळणार नाही.

गाडी म्हणजे १९९८ ची टेम्पो ट्रॅव्हलर, एमएच-१५, म्हणजे नाशिकची. कंपनी तेव्हा बजाज टेम्पो होती. फोर्स मोटर्स हे नाव २००५ मध्ये आलं. उमेदीची वर्षं तिनं सिडको-इंदिरानगरची पोरं शाळेत पोचवण्यात घालवली. चालक मी, मालक मी आणि पोरं भांडली की न्यायाधीशही मीच. धंदा बंद केल्यावर विकायला काढली तर जो तो भंगाराचा भाव सांगायला लागला. मग जावयानं सीटा काढून आत दोन बर्थ, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी असा संसार मांडून दिला. (आरटीओचे सोपस्कार हा वेगळ्या लेखाचा आणि वेगळ्या रक्तदाबाचा विषय आहे.) तेव्हापासून ही गाडी आठवडेच्या आठवडे दारात उभी असते आणि निघाली की पूर्ण वजनानिशी थेट घाटाला लागते. ऑइल निवडताना हे दोन्ही लक्षात घ्यावं लागतं.

इंजिन ओएम ६१६. मूळ मर्सिडीजचं, आपल्याकडे परवान्यावर बनलेलं. चार सिलिंडर, २३९९ सीसी. मर्सिडीजच्या २४०डी मोटारीत हेच इंजिन होतं. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्यानं आपली १९७६ ची २४०डी ४६ लाख किलोमीटर पळवली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयाला देऊन टाकली. हा आकडा सांगून लोक या इंजिनाच्या अमरपट्ट्याच्या गोष्टी करतात. त्या टॅक्सीत इंजिनं आलटून पालटून बदलली होती, तेवढं सांगायचं राहून जातं.

या इंजिनाची खोड अशी, की डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी हेडमधल्या एका छोट्या कोठडीत पेटतं आणि तिथून आग सिलिंडरमध्ये उतरते. आवाज त्यामुळे मवाळ राहतो, पण काजळी धरते आणि तिच्यातली बरीचशी ऑइलमध्ये येते. नवंकोरं सोनेरी ऑइल घालून त्र्यंबकेश्वरला जाऊन या, डिपस्टिक काळी झालेली असते. इथंच लोक घाबरतात. मेकॅनिकही दोन बोटांत ऑइल चोळतो, नाक वाकडं करतो आणि म्हणतो, "जळालं."

जळालेलं नसतं. चांगल्या डिझेल ऑइलमध्ये डिस्पर्संट नावाचं रसायन घातलेलं असतं. ते काजळीचे कण एकमेकांना चिकटू देत नाही, तरंगत ठेवतं. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट खोलला की ऑइलबरोबर काजळीही बाहेर जाते, त्यासाठीच ही योजना. उलट असल्या जुन्या इंजिनात ऑइल महिनोन्‌महिने सोनेरी राहिलं, तर मला शंका येते की काजळी चेंबरच्या तळाला थर करून बसली असावी.

म्हणून रंग बघू नका, थेंब बघा. इंजिन गरम असताना डिपस्टिकवरचा एक थेंब टिपकागदावर सोडायचा आणि कागद रात्रभर आडवा ठेवायचा. सकाळी करडा डाग कडेपर्यंत सारखा पसरलेला दिसला तर ऑइलमध्ये दम आहे. मधोमध काळाकुट्ट ठिपका आणि भोवती एकदम फिकं वर्तुळ दिसलं, तर काजळी धरून ठेवायची ताकद संपली. बाहेरच्या कडेला डिझेलचा वास मारणारी झालर आली असेल तर दुखणं ऑइलचं नाही, डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलचं. त्याकडे पुढे येतो. रिम्युलाचा डाग माझ्याकडे ऑइल बदलायच्या वेळीसुद्धा बऱ्यापैकी पसरलेला असतो. पूर्वी मी जे स्वस्तातलं, जुन्या दर्जाचं सीएफ-४ वापरायचो (कंपनीचं नाव घेत नाही), त्याचा डाग मुदतीच्या कितीतरी आधी मधे गोळा व्हायचा. माझ्या मते या ऑइलच्या बाजूनं एवढा एक पुरावा पुरे आहे.

आता ही अक्षरं. डब्याच्या मागे एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं) गोल चिन्ह किंवा दर्जाची ओळ असते. पहिलं अक्षर 'सी' असेल तर ऑइल डिझेलसाठी, 'एस' असेल तर पेट्रोलसाठी. दोन्ही असतील तर दोन्हीसाठी. त्यापुढचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा: सीएफ-४ हा १९९० चा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा, सीके-४ २०१६ च्या अखेरीचा. शेवटचा ४ म्हणजे फोर-स्ट्रोक. सीआय-४ तयार झालं तेच मुळी धूर फिरवून परत आत घेणाऱ्या इंजिनांसाठी, जिथं ऑइलमध्ये काजळीचा मारा वाढला होता. आपल्या इंजिनात ती भानगड नाही, पण काजळी आहेच, म्हणून हे ऑइल आयतंच लागू पडतं. गोल चिन्हाच्या खालच्या कमानीत 'सीआय-४ प्लस' लिहिलेलं आढळलं तर आणखी बरं. काजळी पेलण्यात ते साध्या सीआय-४ च्या पुढचं आहे. गाडीसोबत आलेल्या जुन्या पुस्तकात सीडी किंवा सीएफ लिहिलं असेल, तर तसलाच डबा हुडकत बाजारभर हिंडू नका. नव्या दर्जाचं ऑइल जुन्या डिझेल इंजिनाला चालतं.

वडाळा रोडचे चाचा माझ्या गाडीचं काम शाळेच्या दिवसांपासून बघतात. या इंजिनाचा आवाज त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो. पण ऑइलवरून आमचं पटत नाही. त्यांचं म्हणणं, "तात्या, पंचवीस वर्षांचं इंजिन आहे, रिंगा ढिल्या झाल्यात. वीस-पन्नास टाका, काटा कसा वर बसतो बघा."

काटा वर बसतो हे खरं आहे. मी डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचं वेगळं मेकॅनिकल गेज लावून घेतलंय, त्यामुळे नुसत्या तोंडच्या वाफेवर वाद घालावा लागला नाही. भर उन्हाचं, टाकीत पाणी भरून कसारा घाट चढवला आणि वर इगतपुरीत गाडी आयडलवर, म्हणजे जागेवर नुसती चालू, सोडली. १५डब्ल्यू-४० वर काटा एक बारच्या (बार हे दाबाचं माप) जरा पुढे, २०डब्ल्यू-५० वर दीडच्या आसपास. चाचा खूश. पण मर्सिडीजच्या सर्व्हिस पुस्तकात या इंजिनाला गरम असताना आयडलवर ०.३ बार पुरेसं मानलंय, आणि ३,००० आरपीएमला ३ बार. म्हणजे पातळ ऑइलवरही मी गरजेच्या तिप्पट होतो. वरचं अर्धा बार नजरेला सुख देतं, बेअरिंगला नाही. जाड ऑइल वाहताना अडतं म्हणून काटा वर जातो. वाहतं मात्र कमीच.

ऑइलचा जाडपणा ठरवणाऱ्या एसएईच्या कोष्टकात १०० अंश सेल्सिअसला '४०' म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडपणाचं माप) आणि '५०' म्हणजे १६.३ ते २१.९. हा झाला मागचा आकडा. 'डब्ल्यू'च्या अलीकडचा आकडा थंडीचा. १५डब्ल्यूची परीक्षा उणे २० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. निफाडची थंडी पेपरात कितीही गाजली तरी उणे पंधरा काही होत नाही, त्यामुळे नाशिक जिल्ह्यात कुठलंच ऑइल गोठायचं नाही. फरक दिसतो तो पहाटे. डिसेंबरात नांदुरीला सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी नाहीतर साल्हेरच्या अंगाला मुक्काम केलाय, रात्रभर गाडी उघड्यावर आहे, पारा एक आकडी. २०डब्ल्यू-५० असलं की स्टार्टर कण्हत फिरतो, आणि या जातीच्या इंजिनाला हीटर प्लगइतकीच फिरण्याच्या वेगाचीही गरज असते. चालू झाल्यावरही डोक्यावरच्या कॅमशाफ्टपर्यंत जाड ऑइल चढायला वेळ लागतो, तोवर वरून टकटक ऐकत बसायचं. १५डब्ल्यू-४० वर हीच टकटक लवकर थांबते.

चाचांच्या बाजूनंही एक सांगायला हवं. गरम आयडलवर प्रेशरचा दिवा लुकलुकत असेल, किंवा मुंबईला जाऊन येईस्तोवर लिटरभर ऑइल पिऊन निळा धूर सोडत असेल, तर २०डब्ल्यू-५० नं दिवस ढकलता येतात. इंजिन कामाचे पैसे जमेपर्यंत.

नोझलचं म्हणालो होतो. नाशिकच्या माणसाला ही गोष्ट खरं तर सांगायला लागू नये. सातपूरचा मायकोचा कारखाना नोझल आणि इंजेक्टरसाठीच ओळखला जातो. २००८ पासून पाटी बॉशची आहे, पण चौक अजून मायको सर्कलच. तिथून निवृत्त झालेला माझा एक मित्र आहे. त्याला ऑइलचं विचारलं की तो नोझलचं बोलतो. आधी मला वाटायचं की धंद्याची सवय जात नाही. पण त्याचं म्हणणं पक्कं आहे: नोझल बारीक फवारा न मारता ठिबकायला लागलं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत रिंगांमधून चेंबरमध्ये उतरतं. मग डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असलं तरी इंजिनात ४० उरत नाही. आणि गंमत म्हणजे अशा गाडीचा मालक खूश असतो, "आपली गाडी ऑइल खातच नाही!" डिपस्टिकवरची पातळी तशीच राहिली, किंवा वर चढली, तर आनंद मानण्याआधी तिचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर महागड्या ऑइलचे पैसे वाचवून चारही नोझल उतरवा, टेस्टरवर लावा, लागलं तर नवी टाका आणि मगच ऑइल बदला. ऑइल खराब लागलं म्हणून कंपनीला शिव्या देणारे जे लोक मला भेटतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी नोझल कधी उतरवलेलीच नसतात.

सिंथेटिक का नको? जुन्या इंजिनात सिंथेटिक घातलं की सीलं गळतात, असं ऐकवतात. ते जुन्या काळातल्या ऑइलांवरून उरलेलं भय आहे, आताच्या सिंथेटिकनं धडधाकट सील खराब होत नाही. माझं कारण साधं आहे. सिंथेटिकचा खरा फायदा कडाक्याच्या थंडीत, टर्बोच्या उष्णतेत आणि लांबवलेल्या मुदतीत. आपल्याकडे तशी थंडी नाही, टर्बो नाही, आणि काजळीमुळे मुदत लांबवायची सोय नाही. ऑइल चांगलं राहिलं तरी त्यातला कचरा बाहेर काढावाच लागणार. मग जास्तीचे पैसे कशाला? तेवढ्यात दरवेळी नवा फिल्टर येतो आणि वर सुरगाण्याच्या वाटेवरचं एक जेवण.

सीके-४ घेऊ का, असंही विचारतात. चालेल. त्यात राख कमी ठेवलेली असते, ती सायलेन्सरमध्ये धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ गाळणी असलेल्या गाड्यांसाठी. पूर्वी डिझेलमधल्या गंधकामुळे ऑइलमध्ये आम्ल व्हायचं आणि ते मारायला ऑइलमध्ये भरपूर अल्कली लागायची. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, गंधक दहा लाखांत दहा भागांवर उतरलं, त्यामुळे ती चिंता बरीच मिटली. मात्र आपल्या गाडीला डीपीएफ नाही, आणि कॅमवर रॉकर घासत चालतात, रोलर नाहीत. तिथं झीज रोखणारा जस्त-फॉस्फरसचा भाग जरा मोकळ्या हातानं घातलेलं सीआय-४ मला जास्त बरं वाटतं.

रिम्युलाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. गाडीचा मागचा ऑइल सील आधीही झिरपत होता, आताही झिरपतो. पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा असतोच. मायलेज वाढलं का, तर नाही. पिकअप या गाडीला १९९८ मध्येही नव्हता. आवाज गुळगुळीत झाल्याचं जावई सांगतो, पण तो नवं ऑइल घातल्यावर दरवेळी सांगतो.

खरेदी. द्वारका ते सारडा सर्कल या पट्ट्यात स्पेअर पार्टची दुकानं भरपूर आहेत. मी ज्या दुकानातून घेतो तिथल्या पोरानं पहिल्यांदा विचारलं ते "काका, गाडी कुठली, आणि डीपीएफ आहे का?" एवढ्यावर मी गिऱ्हाईक झालो. दुसऱ्या एका ठिकाणी मागितला ब्रँड शिल्लक नव्हता, तर दुचाकीचं २०डब्ल्यू-४० "तेच असतं हो" म्हणून पुढे सरकवलं. तेच नसतं. ते क्लचसकट ऑइलात बुडालेल्या मोटारसायकलसाठी बनवलेलं असतं, डिझेलच्या काजळीसाठी नव्हे.

नकली मालाची भीती खरी आहे. झाकणाची कडी तुटलेली नको, आतलं फॉइल नीट चिकटलेलं हवं, बॅच नंबर आणि तारीख डब्यावर छापलेली हवी, लेबलचा कोपरा नखानं सहज सुटायला नको आणि बिल पक्कं हवं. दुकानावर भरवसा नसेल तर सरळ पेट्रोल पंपावर जा: इंडियन ऑइलच्या पंपावर सर्वो, भारत पेट्रोलियमच्या पंपावर मॅक, हिंदुस्थान पेट्रोलियमच्या पंपावर एचपी. अनोळखी दुकानातल्या नामांकित डब्यापेक्षा पंपावरचं सीआय-४ मी कधीही घेईन. आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी तळाला स्क्रू-ड्रायव्हरनं भोक पाडा, लेबल फाडा. चांगल्या स्थितीतले रिकामे डबे पुन्हा भरले जातात.

माझ्या गाडीत फिल्टरसकट साडेसहा लिटरच्या आसपास ऑइल बसतं. एकदम सगळं ओतू नका. सहा लिटर घाला, इंजिन चालू करून बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघत भर टाका. जास्त झालं तर ते फेसाळतं आणि सीलांवर ताण येतो.

कधी बदलायचं, यात कॅम्परवाले हमखास घसरतात, कारण मीटर फिरलेलं नसतं. मी पाच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते धरतो, आणि माझं बहुतेक वेळा वर्षच आधी येतं. उभ्या गाडीत पावसाळाभर दमट हवा शिरते, ऑइलमध्ये पाणी आणि आम्ल साठतं. म्हणून मी पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला बदलतो. पुढचे चार महिने हीच गाडी सगळ्यात जास्त हिंडते. शिवाय मुक्कामावर बॅटरी चार्ज करायला तासभर इंजिन आयडलवर ठेवू नका. त्यात इंजिन धड तापत नाही आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. छतावर सोलर पॅनल टाका. दारात उभी असेल तेव्हाही पाच मिनिटं गुरगुरवून बंद करण्याऐवजी महिन्यातून एकदा सिन्नरपर्यंत जाऊन या.

काढलेलं जळकं ऑइल गावाकडे लाकडी खांबांना, नांगराच्या फाळाला फासायला मागून नेतात. मी देत नाही. जुन्या डब्यात भरून चाचांच्या ड्रममध्ये ओततो. परवानाधारक रिसायकलवाला तो ड्रम घेऊन जातो. गटारात ओतलेलं सगळं शेवटी गोदावरीलाच मिळतं.

तुमची गाडी कॉमन रेल इंजिनाची, बीएस-६ ची आणि डीपीएफवाली असेल तर वरचं सगळं सोडून द्या. तिथं सीआय-४ च्या राखेनं गाळणी हळूहळू तुंबते आणि ती बदलायचा खर्च माझ्या गाडीच्या भंगाराच्या भावाहून जास्त आहे. त्या गाडीच्या पुस्तकात जो दर्जा लिहिलाय तोच घ्या.